सरावानंतरचा ग्लास

"पी," हिंगमिरे सर म्हणाले.

मी ग्लास हातात धरून उभी होते. स्टीलचा उंच ग्लास, काठोकाठ भरलेला, वर गुलाबी फेस. सकाळचा सराव नुकताच संपला होता. टेकडीचे चढ मारून आलो होतो, माझ्या पोटऱ्या थरथरत होत्या आणि टी-शर्ट पाठीला चिकटला होता. बाकीच्या मुली आपापले ग्लास रिकामे करून ओठ पुसत होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या.

"सर, मला दूध पचत नाही. आले त्याच दिवशी सांगितलं होतं मी."

"हे दूध नाही. रिकव्हरी ड्रिंक आहे."

"पण दुधातच कालवलंय ना, सर."

"मला शिकवू नकोस. पळून आल्यावर अर्ध्या तासात शरीरात जे जातं तेच अंगी लागतं. पी."

मी डोळे मिटले आणि एका दमात प्यायले. ग्लास खाली ठेवून वळते न वळते तोच सगळं बाहेर आलं. थेट सरांच्या पांढऱ्या बुटांवर.

मग कुणीतरी हसलं. ती द्वारका होती. द्वारका भोये, सुरगाण्याची, अकॅडमीतली सगळ्यात वेगवान मुलगी. पाच हजार मीटरमध्ये तिच्या आसपास राज्यात कुणी नव्हतं आणि हे ती कुणाला विसरू देत नसे.

"हिला माडावर चढवा, सर," ती म्हणाली. "पळणं हिच्या बापाचं काम नाही."

सर बुटांकडे बघत होते. "पाणी आण," ते मला म्हणाले, "आणि पूस."

मी गुडघ्यांवर बसून पुसले. द्वारका माझ्या डोक्याशी उभी राहून बघत होती. "टाचेकडे राहिलंय," तिनं दाखवलं.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. गाव मालवणच्या दक्षिणेला, खाडीकाठी. शाळेत असताना अनवाणी पळून जिल्ह्यात पहिली आले, मग विभागात, आणि मग नाशिकच्या बाहेरच्या या खासगी अकॅडमीत निवड झाली. बाबा मला सोडायला आले होते तेव्हा सरांच्या पाया पडले होते. सर वयानं त्यांच्याहून लहान होते. मला ते आवडलं नव्हतं.

दूध मला लहानपणापासून सोसत नाही. आमच्याकडे भाताची लावणी करून आलेल्या माणसालाही आणि आजारातून उठलेल्यालाही पेजच मिळते. उकड्या तांदळाची, पातळ, मीठ घातलेली. त्यामुळे मी येताना तांदूळ आणले होते आणि कोकमाच्या आगळाची बाटली. पळताना घामावाटे जे मीठ आणि पाणी गेलं ते परत आलं पाहिजे, आणि पोट जड होता कामा नये, एवढं मला अनुभवानं कळत होतं. नव्या मुलींना पहिले काही दिवस ग्लास नसे; एप्रिलमध्ये, आल्या आल्या, मी सरावानंतर नुसतं पाणीच पीत होते, घटाघटा, पोट तट्ट फुगेपर्यंत, आणि दुपारी पोटऱ्यांत गोळे यायचे. मग आगळाच्या पाण्यात मीठ-साखर घालून घोट घोट प्यायला लागले, वर वाटीभर पेज. गोळे थांबले.

दुसऱ्या दिवशी सरावानंतर ग्लास परत माझ्या हातात आला. सर हाताची घडी घालून समोर उभे.

मी ग्लास उलटा केला. गुलाबी दूध मातीत पसरलं.

मला वाटलं ते मारतील. त्यांनी मारलं नाही. ते अगदी शांतपणे बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "ऊर्मिला धुरी आजपासून माझी खेळाडू नाही. तिच्या वडिलांकडे बघून मी तिला हाकलत नाही. राहू दे, जेवू दे, पळायचं तर मागे पळू दे. तिच्यासाठी घड्याळ लागणार नाही. आणि तिच्याशी कुणाची मैत्री असेल तर त्या मुलीनं आत्ताच सांगावं."

कुणी सांगितलं नाही.

त्या दिवसापासून मी अकॅडमीत असून नसल्यासारखी झाले. जेवताना माझ्या बाजूची जागा रिकामी राही. चढ मारताना मुली मुद्दाम कोपर मारून पुढे जात. मेसच्या गॅसवर मी पेज करून खोलीत आणली की प्रणिता कोल्हे नाकाला ओढणी लावायची. प्रणिता माझ्याच खोलीतली. तिला खेळाडूंच्या राखीव जागेतून पोलिसात जायचं होतं आणि सरांनी तिला तसा शब्द दिला होता. एकदा मी अंघोळीहून आले तर पातेलं मोरीत पालथं.

"वास मारतो," प्रणिता म्हणाली.

"भाताला कसला वास?"

"तुझा वास मारतो."

मी तिचा हात धरला. झटापट झाली. द्वारका दारात आली. ती आमच्या मजल्याची प्रमुख होती.

"हिनं माझी पेज ओतली," मी सांगितलं.

"बरं केलं," द्वारका म्हणाली. "उद्यापासून खोलीत आणायची नाही. प्यायची तर बाहेर नळाजवळ बसून पी, गुरांसारखी."

मी नळाजवळ बसून पिऊ लागले. पण प्यायले. मला घरी परत जायचं नव्हतं, आणि त्यांच्यासमोर तर मुळीच हरायचं नव्हतं.

थंडीत एक गोष्ट झाली ज्यानं मला खरोखर हलवलं. बाकीच्या मुली सुसाट सुधारल्या. प्रणिता, जी पावसाळ्यात माझ्या मागे असायची, ती आता माझ्यापुढे फर्लांगभर असायची. सकाळी जीव निघेल असा सराव करून त्या संध्याकाळी पुन्हा ताज्यातवान्या. मी मात्र होते तिथेच. सर मुद्दाम माझ्याजवळून जाताना म्हणायचे, "काय धुरी, पेज काय म्हणते?" आणि मुली फिदीफिदी हसायच्या. रोज नळाजवळ बसून वाटी तोंडाला लावताना मला वाटायचं, ग्लासात खरंच काही असेल. मीच हट्टी. मीच अडाणी.

ते पेय सर स्वतः त्यांच्या खोलीत तयार करायचे. भरलेला जग बाहेर घेऊन यायची द्वारका. ती त्यांचा उजवा हात होती.

जानेवारीतली एक दुपार. मी कपडे धुवायला मागच्या मोरीवर गेले तर तिथे मोनाली सांगळे बसली होती. मोनाली सगळ्यात धाकटी, चौदा वर्षांची, सिन्नरकडची. हातात आरशाचा तुकडा घेऊन ती हनुवटीवरचे केस उपटत होती आणि रडत होती. मला बघून तिनं आरसा लपवला.

"काय झालं?"

"काही नाही."

"अगं, मी कुणाला सांगणार? माझ्याशी बोलतं कोण?"

तिनं आरसा मांडीवर ठेवला. मग तिनं विचारलं, "ऊर्मिलाताई, पाळी बंद झाली की काय होतं?"

"बंद म्हणजे?"

"येतच नाही. दिवाळीपासून. सर म्हणतात, खेळाडूंचं असंच होतं, चांगलं लक्षण आहे. पण हे केस... आणि माझा आवाजपण बसलाय. घरी फोनवर आईनं मला ओळखलंच नाही."

मी काही बोलणार तेवढ्यात मागून जाड आवाज आला. "काय सांगतेस गं तिला?"

द्वारका. मी उभी राहिले. ती जवळ आली आणि काही न विचारता तिनं माझ्या कानाखाली वाजवली. हात कसला, फळीच ती. मी मोरीच्या कठड्यावर आदळले.

"पोरींना बिघडवायला ठेवलंय का तुला इथं?"

"तीच रडत होती! विचार तिला!"

द्वारकेनं मोनालीकडे पाहिलं. तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. बराच वेळ बघत राहिली. "दिवाळीपासून?" तिनं विचारलं. म्हणजे तिनं सगळं ऐकलं होतं. मोनालीनं मान हलवली.

"जा, झोप," द्वारका म्हणाली. माझ्याकडे वळून तिनं बोट रोखलं. "तू हिच्या आसपास दिसलीस तर पाय मोडीन."

दुसऱ्या दिवसापासून द्वारका मोनालीचा ग्लास काढून घेऊ लागली. सरांची पाठ फिरली की मोनालीच्या हातातला ग्लास हिसकावायची आणि स्वतः पिऊन टाकायची. "लहान पोरींना काय करायचाय एवढा?" मोनाली रिकाम्या ग्लासाकडे बघत उभी राही. मी लांबून ते बघायचे आणि मला द्वारकेची किळस यायची. एवढं मिळूनही हिचं पोट भरत नाही, लहान मुलीच्या तोंडचं ओढून घेते.

फेब्रुवारीत राज्य स्पर्धा झाली. मलाही नेलं होतं, कारण नोंदणी आधीच झालेली होती. पाच हजारमध्ये द्वारका पहिली आली, दुसऱ्या मुलीला एक फेरी मागे टाकून. प्रणिता तिसरी. मी सातवी. द्वारका रेषेपलीकडे जाऊन थांबली तोच दोन अनोळखी माणसं आणि एक बाई तिच्यासमोर आली. गळ्यात ओळखपत्रं. उत्तेजक द्रव्यांच्या तपासणीसाठी दिल्लीहून आलेली.

मी सरांचा चेहरा पाहिला. रंगच उडाला होता. ते धावत द्वारकेकडे गेले. मी तिथेच गवतावर बूट सोडत बसले होते, म्हणून मला ऐकू आलं.

"पाय धर आणि खाली बस," ते पुटपुटले. "गोळा आला म्हण. मी गाडी काढतो, दवाखान्यात नेतो."

"मला काही झालं नाही, सर."

"द्वारका, ऐक माझं. बस खाली."

"मला काही झालं नाही," ती मोठ्यानं म्हणाली आणि त्या बाईबरोबर चालू लागली. मागे वळून तिनं हाक मारली, "प्रणिता, चल. तुलापण बोलावलंय."

त्यांनी आमच्या अकॅडमीतल्या, स्पर्धेत पळालेल्या सगळ्या मुलींचे नमुने घेतले. माझाही. मोनाली स्पर्धेत नव्हती, ती वाचली.

निकाल यायला महिना लागला. मग एका सकाळी सर नाहीसे झाले. त्यांच्या खोलीला कुलूप, फोन बंद. दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं. द्वारका, प्रणिता आणि आणखी चौघी दोषी. लघवीत पुरुषी संप्रेरकाचं औषध. ते कशातून पोटात गेलं हे कुणी सांगायची गरज नव्हती. ग्लास सगळ्यांनी रोज रिकामा केला होता.

निर्दोष एकटी मी.

त्या संध्याकाळी त्या माझ्या खोलीत शिरल्या. पुढे प्रणिता. तिच्या हातात माझी आगळाची बाटली होती, ती तिनं भिंतीवर फोडली.

"तूच कळवलंस."

"मी कुणाला काही कळवलं नाही. मला माहीतच नव्हतं!"

"माहीत नव्हतं? मग ग्लास का ओतलास? पहिल्या महिन्यातच?"

"दूध पचत नाही म्हणून!"

"खोटारडी! माझी नोकरी गेली. माझ्या बापानं गावभर सांगून ठेवलंय. तुला काय मिळालं गं? काय मिळालं?"

मग त्यांनी मारलं. कुणी केस धरले, कुणी पाठीत बुक्क्या घातल्या. मी गादीखाली डोकं घालून पडले होते. त्या गर्दीतून मला दार दिसत होतं. दारात द्वारका उभी होती, चौकटीला टेकून. ती मारायला आत आली नाही आणि सोडवायलाही नाही. नुसती बघत राहिली. शेवटी मेसच्या मावशी ओरडत वर आल्या तेव्हा सगळ्या पांगल्या.

चौकशी नाशिकलाच होती, एका सरकारी इमारतीत. बाबा आले होते. माझा सुजलेला डोळा बघून ते माझा हात धरून बसून राहिले. मला आत बोलावलं. टेबलामागे स्पर्धेच्या वेळी आलेल्याच बाई होत्या. त्यांनी सगळं विचारलं, ग्लास, जग, सरांची खोली. शेवटी त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे मुलगा कोण राहतो?"

"मुलगा कुणीच नाही, मॅडम. फक्त मुली. सरांशिवाय पुरुष नाही तिथे."

"आम्हाला फोन आला होता जानेवारीत. नाव सांगितलं नाही. तरुण मुलाचा आवाज होता. म्हणाला, चौदा वर्षांच्या पोरीलाही पाजतात, लवकर या. तो कोण ते कळलं तर साक्ष पक्की होईल."

घशातला, जाड, फुटलेला तो आवाज मी रोज ऐकत होते. कानाखाली खाताना ऐकला होता.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात द्वारका आपल्या नंबराची वाट बघत बाकावर बसली होती. एकटीच आली होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"फोन तू केलास."

तिनं मान वर केली. नाही म्हणाली नाही. "हळू बोल."

"तुला कधी कळलं?"

"मोनालीची हनुवटी पाहिली तेव्हा. माझं झालं तेव्हा मला वाटलं, माझ्या अंगातच काही खोट आहे. मी कुणाला बोलले नाही. चोरून दाढी करायचे." ती जमिनीकडे बघत बोलत होती. "सर खोलीत गोळ्या कुटून घालायचे, मी बघायचे. कॅल्शियम म्हणायचे. मग एक पाकीट उचललं आणि औषधाच्या दुकानात नेऊन विचारलं. दुकानदार माझ्याकडे असा बघायला लागला की मी पळतच सुटले."

"मग मोनालीचा ग्लास..."

"मग काय, फेकून देणार? सरांना दिसलं असतं."

"आणि तुला माहीत होतं, तूपण सापडणार."

"मी सापडले नसते तर फोन कुणी केला ते सरांना तिथल्या तिथे कळलं असतं. आणि मी बसले असते खाली पाय धरून, तर बाकीच्या सगळ्या बसल्या असत्या."

माझा डोळा ठणकत होता. "मला मारत होत्या तेव्हा तू दारात उभी होतीस."

"हो."

"एक शब्द बोलली असतीस."

"काय बोलले असते? मी केलं म्हणून? मला त्यांच्यातच राहायचंय. माझं गाव इथून जवळ, प्रणिताचं जवळ, सगळ्यांचं जवळ. तू जाशील तुझ्या समुद्रावर. तुला काय फरक पडतो?"

"मला फरक पडत नाही?"

ती उठून उभी राहिली. माझ्याहून वीतभर उंच होती. "उपकार केल्यासारखं बघू नकोस माझ्याकडे. तुझ्यासाठी नाही केलं मी. मला तू तेव्हाही आवडत नव्हतीस, आत्ताही आवडत नाहीस. नळाजवळ बसून प्यायचीस ना, अशी मान ताठ करून, जणू तूच एक शहाणी. तुला दूध पचत नव्हतं म्हणून वाचलीस. त्यात तुझं काय कर्तृत्व? पचत असतं तर तूपण आमच्यासारखीच प्यायली असतीस."

आतून तिचं नाव पुकारलं गेलं. ती गेली.

बाबांनी विचारलं, "कोण ती?" मी म्हटलं, "सगळ्यात वेगवान मुलगी." गाडीत बसल्यावर मी रडले. मार आठवून नाही. तिचं शेवटचं वाक्य मला खोडता येत नव्हतं म्हणून.

द्वारकेवर दोन वर्षांची बंदी आली. ती पुन्हा पळाली नाही. हिंगमिरे सर वर्षभरानं सापडले. मी आणखी पाच वर्षं पळाले, फार मोठं काही झालं नाही, पण त्यावर कणकवलीच्या एका शाळेत क्रीडाशिक्षिकेची नोकरी मिळाली. पालक डबे घेऊन येतात, मोठमोठे, वर पीळदार दंडाचं चित्र, आणि विचारतात, बाई, सरावानंतर हे देऊ का? मी आधी डब्यात काय आहे ते वाचते आणि मग मुलाला विचारते, तुला काय सोसतं. कुणाला लिंबूसरबत सोसतं, कुणाला ताक, कुणाला दूधसुद्धा.

गेल्या हिवाळ्यात मुलींना घेऊन राज्य स्पर्धेला गेले होते. पाण्याच्या टाकीजवळ बाटल्या भरत असताना कुणीतरी माझा खांदा धरून मला फिरवलं. अंगानं सुटलेली, कपाळाला मोठी टिकली. मला ओळखायला वेळ लागला. प्रणिता.

"ऊर्मिला धुरी ना तू?" ती म्हणाली. "माझी मुलगी पळते आज. म्हटलं, बघावं तर कोण." तिचा आवाज चढला. आसपासची माणसं वळून बघू लागली. माझ्या विद्यार्थिनीही. "पोरींनो, ह्या तुमच्या बाई! ह्यांनी सहा जणींचं आयुष्य संपवलं, ठाऊक आहे का? चोरून फोन करून!"

तिच्या मागे, थोड्या अंतरावर, एक उंच बाई आश्रमशाळेच्या मुलींना ओळीत उभं करत होती. करड्या केसांची, गळ्यात शिट्टी. तिनं वळून पाहिलं आणि ती जागच्या जागी थांबली. आमची नजर मिळाली. तिचा चेहरा तसाच होता, कठोर, कुणाकडे काही न मागणारा. पण शिट्टी धरलेली मूठ आवळली होती.

"बोल ना," प्रणिता ओरडली. "तेव्हा नाही नाही म्हणत होतीस. आता पोरींसमोर सांग. तूच केलास ना फोन?"

"हो," मी म्हणाले. "मीच केला."

प्रणिता थुंकली, माझ्या पायाशी, आणि गेली. उंच बाई माझ्याकडे अजून क्षणभर बघत राहिली. मग तिनं तोंड फिरवलं, शिट्टी वाजवली आणि आपल्या मुलींना घेऊन मैदानाकडे निघून गेली.